कालव्यातली गाडी

हौसाची लेक किमया फौजेत होती, लष्करी पोलिसात. सुट्टीवर आली की भाकऱ्या थापायची, शेळ्या सोडायची, आणि हौसाला वाटायचं, पोर होती तशीच हाय.

त्या दुपारी दोघी रोह्याच्या बाजारातून रिक्षाने परतत होत्या. भाचीच्या हळदीसाठी घेतलेलं लुगडं हौसाच्या मांडीवर होतं. कालव्याच्या रस्त्याला पुढची गाडी म्हशीला चुकवताना घसरली आणि डोळ्यांदेखत पाण्यात गेली. कालवा काठोकाठ भरलेला. गाडी पुढच्या बाजूने बुडू लागली.

रिक्षा थांबली. काठावर माणसं जमली, मोबाईल निघाले. किमयाने चपला काढल्या, लुगडं उलगडून एक टोक कमरेला बांधलं, दुसरं हौसाच्या हातात दिलं.

"आये, झटका दिला का ओढायचं. तवर नाय."

"किमे, नको गो..."

पण ती पाण्यात शिरली होती.

तिने दगडाने मागची काच फोडली. आधी एक लहान मुलगी बाहेर आली, मग तिची आई. लोकांनी त्यांना वर घेतलं. गाडी चालवणारा मात्र सीटच्या पट्ट्यात अडकला होता, आणि गाडी आता पुरती पाण्याखाली गेली. किमयाने श्वास भरून बुडी मारली.

लुगडं ताठ झालं, सैल पडलं, मग नुसतंच पाण्यावर हलत राहिलं.

"काकी, ओढू काय?" रिक्षावाला पोपट म्हणाला.

"नाय. तिनं सांगितलंय." हौसाला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं.

झटका आला. चौघांनी ओढलं. किमया वर आली ती काखेत माणूस घेऊन. तो निळा पडला होता. तिने त्याला चिखलातच उताणा टाकला आणि छाती दाबू लागली, दाबतच राहिली. शेवटी तो पाणी ओकला, खोकला. काठावरचे मोबाईल कधी खाली गेले, कुणाला कळलं नाही.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर हौसा लेकीच्या तळहातातल्या काचा वेचत बसली.

"भ्याली नायस गो?"

"भ्याले ना. आत काय दिसतच नव्हतं. पट्टा चाचपून काढला."

भूक लागली म्हणावं इतक्या साधेपणाने ती बोलली. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दारात आली की हौसाच्या अंगावर काटा यायचा, तसाच आता आला. लेकीपुढे हात कसे जोडायचे, तिला कळेना. तिने तो रक्ताळलेला तळहात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला.