मालुबाईचे टोमणे

"कोण गं तू? आन् माजं लुगडं का नेसलीस?"

अंथरुणावरून मालुबाई विचारत होती. जयाबाई तिला भाकरीचा घास भरवत होती. हे रोज सकाळचंच होतं.

"आक्का, म्या जया. तुमीच न्हाय का दिलं हे लुगडं?"

"म्या? कवा?"

सन चौतीसच्या सुमाराची ही गोष्ट. मालुबाई पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीवरून पडली आणि कंबरेखाली लुळी झाली, तेव्हा सगळं येळ्ळूर हळहळलं. वर्षभरानं तिनंच नवऱ्याला, भावकूला, दुसऱ्या लग्नाची परवानगी दिली. चारचौघांसमक्ष सवतीच्या कपाळी कुंकू लावलं. आणि आता विचारते, ही कोण? काय हा साळसूदपणा! पाय गेले तरी जीभ शाबूत आहे, असं आम्ही शेजारी म्हणायचो.

पडताना तिचं डोकं दगडी कट्ट्यावर आपटलं होतं, कानातून रक्तही आलं होतं. ते पुसलं, जखमेत हळद भरली, वर केस उगवले आणि सगळे ते विसरून गेले. वेणी घालताना जयाबाईच्या बोटांना मात्र तिथला खळगा लागायचा.

एकदा बेळगावचा डॉक्टर आला. त्यानं मालुबाईच्या तळपायांना सुई टोचून पाहिली.

"डागदर, डोस्कं बी बघा की," जयाबाई दाराआडून म्हणाली. "कालचं त्येस्नी आज ठावं नसतंय."

"सवतींच्या भांडणावर औषध नसतं, बाई," डॉक्टर हात धूत म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

शेवटी भावकूच कंटाळला. "लई झालं. म्हायेराला धाडतो हिला."

"न्हाई ओ! मुद्दाम न्हाई बोलत त्या," जयाबाईनं त्याचे पाय धरले. "तितं म्हाताऱ्या भावाबिगार कोन हाय? आक्कास्नी उचलून कोन बसवणार? म्या करतो की सगळं."

"तुजाच जीव खाती, आन् तूच तिची बाजू घेतीस?"

जायच्या दिवशी तो मुद्दाम शेतात जाऊन बसला. आम्हीच मालुबाईला उचलून गाडीत निजवलं. जयाबाईनं तिच्या डोक्याखाली घोंगडं सारलं, तशी मालुबाईनं तिचा हात धरला.

"बाई, कुणाची गं तू? म्या म्हायेराला जाऊन येतो. आमचं मालक शेतातनं भुकेलं येतील. तेवढी भाकर वाढशील त्येस्नी?"

"बघा, जाता जाता बी टोमणा हाणलाच!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"वाढतो, आक्का," जयाबाई म्हणाली.

मालुबाईनं समाधानानं मान हलवली आणि डोळे मिटले. गाडी हलली.