गोळ्यांचे सारखे वाटे

सत्यशीला नागभीडकडची. नर्सबाई होऊन सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत आली, तेव्हा औषध असलं की झालं, असं तिला वाटे. साहेबांनीही काम सोपं करून ठेवलं होतं. हिवतापाच्या गोळ्यांचा दर गावाला एक डबा, मग गाव मोठं असो की चार झोपड्यांचं. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. बोट दाखवलं जाऊ नये म्हणून सरकारी माणूस काय काय करील, ते विचारू नका.

पावसाळ्यात नाला भरला की त्यांतलं एक गाव तुटायचं. म्हणून तिने तिथला डबा लालसूच्या हवाली केला. लालसू गावाचा पुढारी, शब्दाचा पक्का. ताप आला त्याला रोज किती, किती दिवस द्यायच्या, हेही तिने समजावलं. पूर ओसरल्यावर परत येते तो डबा रिकामा.

"वाटल्या," लालसू म्हणाला. शिकार झाली की इथे मांस घराघराला सारखं जातं, रानात न गेलेल्यालाही. गोळ्यांचंही त्याने तेच केलं होतं. "ताप कोनाच्याबी घरी येते बाई. एकाच घरी साऱ्या गेल्या तं दुसऱ्यानं काय कराव?"

ती भांडणारच होती. पण आत लालसूची नात कमळा तापाने फणफणली होती, कुणाला ओळखत नव्हती. घरच्या वाट्याच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या, त्यांनी ताप हलला नव्हता. पुढाऱ्याने स्वतःच्या घरासाठी एकही जास्त ठेवली नव्हती. सत्यशीलाला त्याचा संताप आला आणि संताप आल्याची लाजही वाटली. तिची पिशवी मागच्या गावातच रिकामी झाली होती, आणि नवा डबा महिनाअखेरीशिवाय मिळणार नव्हता.

"घरोघरून परत मांगा."

"देल्लेला वाटा मांगत नाई. माणसावर चोरी लावल्यावानी होते."

"मंग पोरगी जाईन, भाऊ!"

लालसूने आत नातीकडे पाहिलं. "शिकारीत डुकरानं ज्याले फाडलं, त्याले वाटा जास्त असते," तो म्हणाला. "पन त्यानं मांगाचा नसते. लोकाईनं आनून द्याचा."

त्याने खाटेसकट नातीला मांस वाटतात त्या मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. हाक कुणालाच मारली नाही.

लोक आले. काहींनी ताकद येईल म्हणून ताप नसतानाच गोळ्या खाऊन टाकल्या होत्या; ते रिकाम्या हाताने उभे राहिले. बाकीच्यांनी पानावर गोळ्या ठेवल्या. तरी पुरी मात्रा होईना. शेवटी पोचू आला. म्हातारा, एकटा राहणारा. भर उन्हात घोंगडी पांघरलेली. त्याने आपल्या गोळ्या सत्यशीलाच्या तळव्यावर ठेवल्या, आणि त्याचा हात तिला चटका देऊन गेला.

पोचूने जबडा आवळून धरला होता, दात वाजू नयेत म्हणून. या गोळ्यांनी कमळाची मात्रा पुरी होत होती. दोघांची होत नव्हती. अर्ध्या अर्ध्या द्याव्यात, तर तो पुन्हा लालसूचाच हिशोब.

तिने पोचूच्या गोळ्या पानावरच्यांत मिसळल्या, पहिल्या दिवसापुरत्या चुरल्या आणि कमळाला पाजल्या.

"पुरल्या काय बाई?" पोचूने विचारलं.

"पुरल्या," ती म्हणाली. त्याच्याकडे बघून म्हणायचं तिला जमलं नाही.