पुढे पुढे जाणारं स्टूल

धाकट्या जावेने स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि सरळ गल्लीत नेऊन ठेवलं. "ताई, तिथवर या. मग बसा."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं कंबर आणि गुडघे ठणकतायत, डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि ही बया तर हात धुऊन मागे लागलेली! पण थोरलीचा जीव अडकला होता दुखण्यापायी सुटलेल्या कपडे शिवायच्या कारखान्यात. कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालकीणबाईंनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं, "वर्ष संपायच्या आत आपल्या पायांनी चालत आलीस तर मशीन तुझं, नाहीतर नव्या मुलीचं."

म्हणून ती कण्हत, कुरकुरत, जावेचा उद्धार करत उठली. रोज संध्याकाळी स्टूल पुढे, थोरली मागे. "आज वरात कुठवर?" म्हणून कोपऱ्यावरचा सलूनवाला हसायचा. हळूहळू स्टूल गल्लीतल्या नळापर्यंत गेलं, मग सलूनपर्यंत. फार दुखलं की धाकटी ते दाराबाहेरच टेकवायची. "आज एवढंच. पण उठायचं हं!"

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नेमकं दुखणं उसळलं. थोरली रडकुंडीला आली. "गेलं गं माझं मशीन!"

"जातंय कुठे? बसत बसत जाऊ."

स्टूल दाराबाहेर टेकलं. मग नळाशी. मग सलूनशी. कारखान्यात पोचेपर्यंत काम कधीच सुरू झालं होतं.

"उशीर झाला," मालकीणबाई म्हणाल्या.

"झाला खरा. पण चालत आले."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, स्टूलकडे पाहिलं, आणि मशीनवरचं झाकण काढलं. "बस. मधे मधे उठून फेरी मार, नाहीतर आखडशील."

धाकटी रिकाम्या हाताने परतली. घरी येताना थोरलीला लागणारच, म्हणून स्टूल तिथेच ठेवलं होतं.

संध्याकाळी ती न्यायला निघाली, तर सलूनसमोरच थोरली दिसली. स्वतःच स्टूल पुढे सरकवत, बसत उठत येत होती.

"अहो ताई, थांबायचं नाही का माझ्यासाठी!"

"दुखतंय गं, होतं तेवढंच दुखतंय. पण आज मी कॉलर शिवल्या." थोरलीने स्टूल धाकटीपुढे ठेवलं. "आता तू बस. इतके महिने माझ्यापायी उभी आहेस. तुझे उपकार कसे फेडू गं बाई?"

धाकटी बसली आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली.

"आज वरात इथेच का?" सलूनवाल्याने आतून विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. "जरा दम खाऊ दे हिला."