पलीकडच्या काठाची राखीव पेटी

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे, आणि तीही राखीव. राखीव म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझे निम्मे आयुष्य त्या एका शब्दात गेले.

पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पत्रा कापला, वाकवला, ठोकून सांधला आणि वर हिरवा रंग फासला. झाकणावर चिठ्ठी टाकायला एक चपटी फट ठेवली आणि फटीखाली एक सरकती पट्टी बसवली. मतदान संपले की ही पट्टी ओढतात. मग मोजणीच्या टेबलावर सील तोडेपर्यंत कुणी कितीही डोके आपटले तरी फट उघडत नाही. माझी थोरली बहीण आणि मी गावच्या शाळेतल्या एकाच मतदान केंद्रावर आलो. ती टेबलावर बसायची आणि मी टेबलाखाली. ती भरली तर माझी पाळी. पण ती कधी भरतच नसे!

आमचा मतदारसंघ म्हणजे शेते, माळ आणि मधून वाहणारी रुंद नदी. पहिल्या निवडणुकीत खासदारकीला एक बडे पुढारी उभे राहिले, सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांच्या विरोधात एक शाळामास्तर होते, त्यांची अनामतही गेली. दुसऱ्या खेपेला पुन्हा मोठे साहेब. तिसऱ्या खेपेला त्यांनी रस्त्याचे वचन दिले, चौथ्या खेपेला तेच वचन नव्या फलकावर रंगवून आणले. लोक हसले आणि मते त्यांनाच देऊन घरी गेले. प्रत्येक वेळी मला वाजतगाजत नेत आणि रिकामीच परत आणत. टेबलाखाली बसून मी माणसांचे चेहरे नाही, चपला तेवढ्या ओळखायला शिकले. मला फार वाईट वाटे. लग्नाला जाऊन उपाशी परत यावे, तसे माझे व्हायचे.

त्या चपलांमध्ये नदीपलीकडच्या चपला जवळजवळ नसतच. पलीकडे एक वस्ती होती. तिचे मतदान केंद्र अलीकडच्या काठावर, म्हणजे आमच्याच शाळेत. एकच होडी, त्यात कामाचा दिवस, मग येणार कोण? आणि पलीकडून मते येत नाहीत म्हणून उमेदवारही तिकडे फिरकत नसत. पूल मागितला की मोठे साहेब म्हणत, "बघू." त्यांच्या त्या "बघू"ला मुळे फुटली, पण पूल काही उगवला नाही.

त्या वस्तीत एक सुईण होती. पूर आला की होडी बंद पडे. अशाच एका पुरात तिची धाकटी जाऊ अडली. दवाखाना समोरच्या काठावर दिसत होता आणि जाऊ तिच्या मांडीवर गेली. सुईणबाई रडली, पण रडत बसली नाही. पुढच्या निवडणुकीला ती घरोघर फिरली. "मत नाही तर पूल नाही," ती सांगे. "यंदा सगळ्यांनी जायचं. दुखणं, खुपणं, कापणी, काही ऐकणार नाही मी."

आता पलीकडच्यांचा एक रिवाज सांगायला हवा. फार पूर्वी त्यांची एक होडी बुडाली होती. तेव्हापासून नदी ओलांडली की शेवटची खेप काठाला लागेपर्यंत कुणी पाऊल पुढे टाकत नसे. लग्न असो की मयत. मतदानाच्या दिवशीही ते तसेच करून बसले. सकाळी आलेली माणसे झाडाखाली शेवटच्या खेपेची वाट पाहत दुपार टळेपर्यंत बसून राहिली. एकेकाने येऊन मत टाकून जावे, हे कुणाला सुचलेच नाही.

इकडे शाळेत शुकशुकाट. केंद्राध्यक्ष सकाळपासून उपाशी. त्यांच्याशेजारी मोठ्या साहेबांचा भाचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. सगळे त्याला भाचेराव म्हणत. तो जांभई देत म्हणाला, "साहेब, उरकून घ्या. आता कोण येतंय? पलीकडचे तर जन्मात कधी येत नाहीत."

केंद्राध्यक्ष माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी थोरलीची पट्टी ओढली. खट्ट!

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज आला. एवढ्या चपला मी एकदम कधी ऐकल्या नव्हत्या. पुढे सुईणबाई, मागे म्हातारा नावाडी, त्याच्यामागे लेकुरवाळ्या बाया, काठ्या टेकत आलेले आजोबा, अख्खी वस्ती.

"पेटी बंद झाली, मावशी," केंद्राध्यक्ष चाचरत म्हणाले.

सुईणबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. "वेळ संपली का?"

"वेळ आहे अजून. पण पट्टी ओढली गेली. ती आता उघडत नाही."

"मग ती टेबलाखाली काय बसलीय? तिला बाहेर काढा."

मित्रांनो, माझ्या पत्र्यातून शिरशिरी गेली. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवले नव्हते.

भाचेराव उसळला. "ती राखीव आहे! पहिली भरली तरच काढायची. पहिली कुठं भरलीय?"

"बरं," सुईणबाई म्हणाली, "मग तिच्यात एक चिठ्ठी टाकून दाखवा." तिने थोरलीच्या बंद फटीवर बोट टेकवले. "जात नाही ना? मग भरली म्हणायची. दार उघडं, घड्याळ चालू आणि पेटी तेवढी बंद, हा कुठला न्याय? आम्ही इथं दारातच बसतो. तुम्हाला बाहेर जायचं तर आम्हाला ओलांडून जा."

आणि ती खरेच उंबऱ्यावर बसली. तिच्यामागे सगळी वस्ती बसली. केंद्राध्यक्ष पेचात पडले. चूक कबूल करावी तर नोकरीवर डाग, लपवावी तर समोर एवढी माणसे. मी मनात म्हणत होते, काढा हो मला, एकदा तरी काढा! शेवटी ते उठले.

"चूक माझी आहे," ते भाचेरावला म्हणाले. "मी तसं लिहून देतो. तुमची तक्रार असेल तर तुम्हीही लिहा."

त्यांनी मला टेबलावर घेतले, उघडले, उलटे करून सगळ्यांना दाखवले. आत काही नाही. मग सील लावले. सुईणबाईने पहिली चिठ्ठी टाकली, आणि मग चिठ्ठ्या येतच राहिल्या. कोणती कुणाची हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायलाही नको. मी फक्त जड होत गेले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मोजणीत मोठे साहेबच जिंकले. पण थोरलीत गावाची मते आणि माझ्यात पलीकडची, अशी आपोआप विभागणी झाली होती. माझ्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या साहेबांच्या विरोधात निघाल्या. भाचेराव टेबलावर हात आपटून म्हणाला, "कळलं आता कोण ते. बघतोच एकेकाला."

ही धमकी होडीतून पलीकडे पोचली. काही पुरुष सुईणबाईवर चिडले. "तुझ्यापायी आम्ही उघडे पडलो."

"उघडे नाही पडलो," ती म्हणाली, "दिसलो. आजवर दिसतच नव्हतो."

मग तिने कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. "आमच्या काठाला आमचं मतदान केंद्र द्या," एवढीच तिची मागणी. तिकडे मतदार आहेतच किती, असे तिला आता कुणी विचारू शकत नव्हते, कारण माझ्यातल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमक्ष मोजल्या गेल्या होत्या. नावाडी तिला फुकट ने-आण करी आणि वर टोमणा मारी, "वहिनी, तुझ्या चपलांपेक्षा माझी होडी जास्त झिजली."

पुढच्या निवडणुकीला पलीकडे केंद्र मिळाले आणि मी होडीत बसून नदी ओलांडली. राखीव म्हणून नव्हे, पहिली म्हणून! त्या वेळी मोठे साहेब थकले होते आणि उमेदवार होता भाचेराव. तो आयुष्यात प्रथमच पलीकडे आला. धमकी देणारी तीच जीभ सुईणबाईच्या अंगणात मधाळ झाली. तिने त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिले आणि म्हणाली, "पाणी माझं, ते देते. मत पेटीचं, ते पेटीला देईन." भाचेराव पडला. नव्या खासदारानेही आधी "बघू"च म्हटले. पण आता दर खेपेला उमेदवारांना होडीत बसावे लागत होते, पाण्याची भीती त्यांनाही कळत होती. शेवटी पूल झाला. सुईणबाई त्यावरून चालली, तेव्हा तिच्या तोंडून आधी जावेचे नाव निघाले. मग ती थेट दवाखान्याच्या दारापर्यंत चालत गेली.

आता यंत्रे आली आहेत. मी कचेरीच्या कोठारात पडून आहे, रंगाचे पोपडे निघालेत, बुडाला गंज चढलाय. त्याचा राग नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पुलावरून गाडीने येणारी पोरे कोठाराच्या खिडकीशी उभी राहून म्हणतात, "एका मताने काय होतंय?"

मित्रांनो, मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवा, अशी माझी विनवणी नाही. एवढेच ऐका. तुमच्यावाचून काही अडत नाही, असे कुणी म्हणाले, तर समजा की त्याने तुमची पट्टी वेळेआधी ओढली आहे. तेव्हा मुकाट्याने घरी जाऊ नका. उंबऱ्यावर बसा आणि दुसरी पेटी मागा.