अठ्ठ्याऐंशी शिक्क्यांचा पट

जपानातल्या अख्ख्या तोकुशिमात पटाच्या कापडाला किनुएसारखं कागदी अस्तर कोणाला चढवता येत नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. तिथेच घोळ झाला.

तिच्या म्हाताऱ्या आईने नऊ वर्षं गुडघे झिजवत यात्रेची अठ्ठ्याऐंशी देवळं पायी केली. प्रत्येक देवळात एकाच रेशमी कापडावर लाल शिक्का घेतला. मधोमध, ज्यांच्या नावाने ही यात्रा करतात त्या संत कोबो दाइशींचं चित्र. अशा कापडाला अस्तर लावून, दांडी घालून पट करतात आणि भिंतीवर टांगतात. माणूस गेलं की त्याच्या उशाशी. आईला तो जिवंतपणी एकदा टांगलेला बघायचा होता. पोटात गाठ निघाली तशी ती रोज विचारायला लागली.

बाजारात एक जण मशीनवर आठवड्यात पट करून द्यायचा. आईने त्याचं नाव काढलं आणि किनुए भडकली. मशीनचा गोंद पुन्हा सुटत नाही, शंभर वर्षांनी अस्तर बदलायला गेलं की रेशीम फाटणार, असं तिने ऐकवलं.

"शंभर वर्षांनी कोण बसलंय बघायला?" आई म्हणाली. "मला आत्ता बघायचाय."

"आई, तू झोप."

तिने गव्हाची पातळ खळ लावून अस्तरं चढवली आणि पट वाळायला फळीवर ताणून चिकटवला. आता दोन महिने हात लावायचा नाही. आई अकराव्या दिवशी गेली.

"आता तरी काढ, ताई," धाकटा भाऊ तोमोया म्हणाला.

तिने आधी त्याला चार शिव्या घातल्या. कच्चा पट काढला की आवळतो, हे काय तो तिला सांगणार? मग कडेखाली बांबूची पट्टी सारून तिनेच पट सोडवला, दांडी बसवली आणि आईच्या उशाशी भिंतीवर टांगला.

सकाळी भिक्षू मंत्र म्हणायला बसेपर्यंत पटाच्या दोन्ही कडा आत वळल्या. दाइशींचा चेहरा गुंडाळीत गेला. एवढी मोठी कारागीर, आणि सख्ख्या आईला हे असं, असं मावशी मागे कुजबुजली. किनुए ताडकन उठली, भिंतीला खेटून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कडा ताणून धरल्या.

धूप घालायची वेळ झाली. भिक्षूने मान वर केली.

"ताई, पहिला मान तुझा," तोमोया हळूच म्हणाला.

हात सोडले की पट मिटणार.

"तू घाल. मला नाही येता येणार."

तोमोयाने चिमूटभर धूप घातला. मग मावशीने, मग शेजाऱ्यांनी. आईच्या शवपेटीचं झाकण लागेपर्यंत किनुए तशीच उभी होती. तिला आईला हातही जोडता आले नाहीत.