परस्पर दिलेली माफी

माझ्या ताईला देवानं माफ केलं, आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही.

भर दुपारची वेळ होती. बेकरीत तेव्हा गिऱ्हाईक नसतं. पावांचा ट्रे नुकताच भट्टीत सरकवला होता आणि खिडकीतल्या उन्हात पिठाचे कण तरंगत होते. असं ऊन पडलं की मला आई आठवते. ही भट्टी तिचीच, ती गेल्यावर मी चालवते. एखादा पाव करपला तर ती कुणाला टाकू द्यायची नाही. "टाकायचं कशाला, पोटात घालते," म्हणायची आणि काळी बाजू खरवडून स्वतः खायची. आम्हा बहिणींच्या चुकाही तिनं अशाच पोटात घातल्या.

ताई आली ती सरळ चर्चमधून, डोक्यावरचा रुमाल तसाच. ती शिवणकाम करते, भट्टीकडे कधी फिरकत नाही, म्हणून मी म्हटलं, "आज वाट चुकलीस की काय?"

ती हसली नाही. "मी आज कन्फेशन केलं, फादरपुढे पाप कबूल केलं," म्हणाली. "फादर म्हणाले, देवानं माफ केलं. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. आई गेली त्या दिवशी ती सारखी तुझं नाव घेत होती. धाकटीला बोलव, म्हणत होती. मी तुला कळवलंच नाही. आईला म्हटलं, धाकटी येत नाही म्हणते."

"का?"

"सगळं मी केलं गं. औषधं, अंथरूण, जागरणं. आणि तिच्या तोंडी नाव तुझं."

तिचे कान लालबुंद झाले होते. ताईच्या मनात काही असलं की कान आधी चुगली करतात.

तेव्हा मी शेजारच्या गावी कामाला होते. निरोप आला असता तर अनवाणी धावत आले असते. म्हणजे आई मला यायचं नाही असं समजून गेली.

"तुला मोकळं व्हायचं होतं, झालीस," मी म्हटलं. "आणि ओझं आणून टाकलंस माझ्या ओट्यावर. वा गं वा." एप्रनसकट मी बाहेर पडले. भट्टीत पाव आहेत हेही डोक्यात राहिलं नाही.

उन्हातून चर्चमध्ये शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू रंगीत काचांचा उजेड फरशीवर उतरतो आणि आपण पाण्याखाली चालतोय असं वाटायला लागतं. मी चाचपडतच कन्फेशनच्या लाकडी खोलीत गुडघे टेकले. जाळीपलीकडे फादर होते, त्यांना सर्दी झाली होती.

"मी पाप सांगायला आले नाही," मी म्हटलं. "माझी देवाबद्दल तक्रार आहे."

क्षणभर नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बोला."

"घाव बसला मला. रडायचं मी. आणि माफी त्यानं देऊन टाकली, परस्पर. हा कुठला न्याय?"

"इथे कुणी काय सांगितलं ते मला बोलता येत नाही."

"तुम्ही नका बोलू. मला सगळं समजलंय."

त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "पस्तावून आलेल्या माणसाला देव दारातून परत पाठवत नाही," मग म्हणाले. "तुम्हालाही पाठवणार नाही. पण तुमच्या वाटणीची माफी त्यानं दिलेली नाही. ती तुमच्याकडेच आहे."

"मग मी ती देणार नाही."

"बरं," ते म्हणाले आणि शिंकले. माझ्या एप्रनवरच्या पिठानं असेल. त्या 'बरं'नं माझं डोकं आणखी फिरलं. भांडायला आलेल्या बाईशी असं वागतात होय?

बाकावर येऊन बसले. पहाटेपासूनची उभी, डोळा कधी लागला कळलं नाही. बघते तर आई आमच्या ओट्याशी बसलेली, आजारपणातला तोच सैल झगा, हातात करपलेला पाव. आजूबाजूला पीठ हळूहळू पडत होतं, पण ओट्यावर साचत नव्हतं.

"आई, मला कळलंच नव्हतं गं," मी म्हटलं. "मी आले असते."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"ती बोलली तेव्हाच. तिचे कान बघितले की मी."

"मग तिला काही बोलली का नाहीस?"

"दमली होती पोर," आई म्हणाली आणि काळी बाजू खरवडायला लागली.

जाग आली तेव्हा रंगीत उजेड माझ्या हातावर सरकला होता. स्वप्नच ते. आई खरंच असं म्हणाली असती की मला हवं ते मीच ऐकलं, कोण सांगणार? पण आईनं ताईचे कान ओळखले नसतील हे काही केल्या पटेना. मग एकदम पाव आठवले आणि मी धावले.

बेकरीत धूर कोंडला होता. ताई गेलीच नव्हती. तिनं ट्रे बाहेर काढला होता, पण फार उशिरा. हाताला फडकं गुंडाळून ती कोळसा झालेले पाव एकेक करून बादलीत टाकत होती.

"मला भट्टीतलं काही कळत नाही गं," ती म्हणाली. "वास आला तेव्हा कळलं." तिला रडू आवरत नव्हतं.

मला अजूनही तिचा राग येत होता. खूप येत होता. मी तिच्या हातातला शेवटचा पाव काढून घेतला, सुरीनं काळं खरवडलं आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. कडूजहर.

"अगं, टाक तो," ताई म्हणाली.

"टाकायचं कशाला," मी म्हटलं. पुढचं बोलता येईना, तोंड भरलेलं होतं.

पुढचं ताईला माहीत होतं. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि तिनं हात पुढे केला. मी उरलेल्या पावाचा अर्धा तुकडा तिला दिला.