किमतीचा रकाना

"हे लुगडं तुम्हीच विणलं, याचा पुरावा काय?" पोस्टातल्या जाळीमागून वामनरावांनी विचारलं.

जागेश्वर नंदनवार पार्सलकडे पाहत राहिला. सात महिन्यांपूर्वी याच खिडकीतून त्याने ते विलायतेला पाठवलं होतं. वर गुंडाळलेल्या मांजरपाटाची शिवण अनुसयेच्या, त्याच्या बायकोच्या हातची होती. मधे कोणीतरी ती उसवून जाड दोऱ्याने पुन्हा शिवली होती.

"पदराच्या आतल्या अंगाले एक लाल धागा उलटा टाकला आहे, बाबूजी. माह्या बापाचीबी तीच खूण होती. उघडून पाहा ना."

"जकात भरल्याबिगर उघडता येत नाही."

"अन् उघडल्याबिगर खूण दिसत नाही."

"तेच तं म्हणून राहिलो मी." वामनराव काही वाईट माणूस नव्हते. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायची सवय नव्हती, एवढंच. "बाहेर देशातून आलं म्हणजे परदेशी माल. मुंबईच्या जकातवाल्यांनी तीनशे बारा रुपये लावले. अर्ज करा, तीन-चार महिन्यांनी उत्तर येईल. तोवर ठेवायचे पैसे रोजचे वेगळे."

"आपल्या तांडापेठेत विणलेलं लुगडं परदेशी झालं?" जागेश्वर म्हणाला. मग त्याने निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "अन् इथं काय लिवलं?"

"जकात भरायला नकार. पाठवणाऱ्याला परत."

"नकार कोनाचा? लेकीचाच?"

"ज्याच्या नावावर पार्सल असते, त्यालेच विचारतात, जागेश्वरजी."

जागेश्वरने शिक्क्यावरचं बोट काढून घेतलं. पार्सल तिथेच सोडून तो पायऱ्या उतरला.

गोपिका त्याची एकुलती एक लेक. नर्स होऊन विलायतेला गेली तेव्हा यानेच गल्लीभर पेढे वाटले होते. तिथे तिने एका मलबारी ख्रिस्ती माणसाशी लग्न केल्याचं पत्र आलं, तेव्हा यानेच "ती आपल्याले मेली" असं सांगून टाकलं. त्यानंतर पत्रं अनुसयेच्या नावाने येत. शेजारची प्रेमिला वाचून दाखवी, आणि हा मागावर बसून ऐकत नसल्याचं सोंग करी. चार वर्षं असं चाललं. मग गोपिकेला मुलगी झाल्याचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी जागेश्वरने कोणालाही न सांगता मागावर नवा ताणा लावला. व्यापाऱ्याचं काम उरकलं की तो त्यावर बसे. करवती काठाचं ते लुगडं उतरायला चार महिने लागले. सोबत चिठ्ठी घालू म्हणून अनुसयेने जीव खाल्ला, पण बापाची अकड पाहिजे ना! "लुगडं पाह्यलं का समजते ती," म्हणाला.

पाठवायच्या दिवशी फॉर्मवर किमतीचा रकाना होता. "पन्नास लिहा," वामनरावांनी तेव्हाच समजावलं होतं. "जास्त लिहाल तं तिकडे जकात बसेल." जागेश्वर ऐकेल तर शपथ. चाळीस वर्षं त्याच्या लुगड्याची किंमत इतवारीतला व्यापारी ताराचंद शेठ ठरवत आला होता. एकशे दहा, परवडलं तर दे, नाही तर ने परत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला किंमत विचारली होती. "साडेचारशे लिवा," तो म्हणाला होता, आणि छाती काढून घरी आला होता.

आज मात्र त्याने घरी येऊन अनुसयेला एवढंच सांगितलं, "तिनं नाही घेतलं. पडू दे तिथंच." तीन आठवडे त्याने त्या पार्सलचं नाव काढलं नाही.

मग गोपिकेचं पत्र आलं. प्रेमिला दारात उभी राहून वाचत होती. "माय, मागे भारतातून कसलं तरी पार्सल आल्याची पोस्टाची चिठ्ठी आली होती. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसती किंमत होती. जकात माझ्या आठवड्याच्या पगाराएवढी. आमचे हे चार महिन्यांपासून कामाशिवाय घरी बसले आहेत. एवढं महागाचं मला आपल्याकडून कोण पाठवणार? पत्ता चुकला असेल, म्हणून नको म्हणून सांगितलं."

मागावर जागेश्वरचा धोटा हातातच थांबला. "पुन्हा वाच," जागेश्वर म्हणाला. प्रेमिलाने पुन्हा वाचलं.

घरात दोन माग होते. बापाच्या हातचा माग त्याने विकला. घेतला ताराचंदनेच, आणि किंमतही ताराचंदनेच ठरवली.

पैसे भरून झाल्यावर वामनरावांनी पार्सल उघडलं, पदर उलटून पाहिला. लाल धागा होता. "तुमचंच आहे," ते हळू म्हणाले, पण पावती फाडून झाली होती. मग त्यांनाच राहवलं नाही. "आता पाठवाल तं नवं म्हणून पाठवू नका. अंगावरचं जुनं, धुतलेलं कापड असलं तं जकातीबिगर सोडून देतात."

घरी आल्यावर जागेश्वरने लुगडं अनुसयेपुढे ठेवलं. "नेस."

"लेकीचं लुगडं मी काहून नेसू जी?"

"नेस वं. चार दिवस नेस. भांडे घास, चुलीपाशी बस."

ती नेसली, आणि चारही दिवस चोरासारखी वावरली. पाचव्या दिवशी नळावर तिने ते भिजवलं. खळ निघून पाणी पांढुरकं झालं.

"आपट," तो म्हणाला.

"माह्या हातानं होत नाही."

तेव्हा जागेश्वरनेच ते दगडावर आपटलं. काठाची झिलई गेली, पोत पडला, तरी तो थांबला नाही. त्याच संध्याकाळी त्याने प्रेमिलाकडून पत्र लिहवून घेतलं: पार्सल येईल, ते मी पाठवलं आहे, जुनं दिसेल पण घेजो.

ते पत्र पोचेल एवढे दिवस जाऊ देऊन तो खिडकीशी आला.

"वस्तू?" वामनरावांनी विचारलं.

"जुनं लुगडं."

"किंमत?"

"द्या इकडे, मी लिवतो," जागेश्वर म्हणाला आणि फॉर्म ओढून त्याने रकान्यात सावकाश दहाचा आकडा काढला. चाळीस वर्षांत ताराचंदनेही त्याच्या लुगड्याची किंमत एवढी पाडली नव्हती.

खाली त्याने पूर्ण नाव लिहून सही केली.